एवढी फेरी संपू दे

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, छापखान्यातले माझे सोबती आणि पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, सर्वांना नमस्कार.

फोरमनदादांच्या निरोपाला चार गोड शब्द बोलायचं ठरवून आलो होतो. पण आत्ताच व्यवस्थापकसाहेब म्हणाले, 'छातीत कळ असतानाही दादांनी मशीन थांबवलं नाही, याला म्हणतात निष्ठा!' टाळ्या पडल्या आणि माझ्या तोंडाची चवच गेली. स्पष्ट बोलतो, मला त्या टाळ्यांची किळस आली.

काय घडलं होतं त्या दिवशी? दादांनी छाती धरली. चेहरा पांढराफटक, सदरा घामानं चिंब. आपल्या मशीनमागच्या खिडकीत पित्ताच्या औषधाची बाटली असते ना, सगळ्यांची मिळून एक, तोंड चिकट, वर माशा? तीच कुणीतरी पुढे केली. "घ्या घोटभर. वहिनींच्या हातचं दाबून जेवलात, भोगा आता!" सगळे खिदळले. दादा म्हणाले, "एवढी फेरी संपू दे." कागद वाया जाऊ नये म्हणून सुरू झालेली छपाई मध्येच थांबवायची नाही, ही आपली रीत. फेरी संपली आणि दादा कोसळले. हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. म्हणून हा निरोप, वेळेआधी.

पित्तानं छातीत जळजळतं, गठ्ठे उचलून स्नायू धरतात, फुप्फुसाचं दुखणं असू शकतं, धसक्यानंही कळ येते. कबूल. पण कुठली कळ कशाची, हे ठरवणार कोण? ती बाटली? छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटलं, कळ हातात, जबड्यात, पाठीत गेली, घाम फुटला, धाप लागली, की तडक रुग्णवाहिका बोलवायची. वहिनी, बायकांना तर कधी नुसती मळमळ होते, गळून गेल्यासारखं वाटतं. तेही अंगावर काढू नका.

आणि निष्ठेचं म्हणाल तर... थांबा. दादा, जबडा का चोळताय? पंखा डोक्यावर आहे, मग हा घाम कसला? बघा वहिनी, मलाच हातानं खुणावतायत, 'तुझं होऊ दे आधी.'

नाही होऊ देणार! साहेब, बाटली आणायला माणूस पाठवू नका, रुग्णवाहिकेला फोन लावा. दादा, उठायचं नाही, बसूनच राहा. अहो, दारातल्या खुर्च्या काढा कुणीतरी!

मंडळी, ऐकून घेतलंत, आभारी आहे. अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला. भाषण अर्धंच राहू दे.