‘चालेल’ हा शेरा माझा नाही

मी, खाली सही करणारी, वय ३८ वर्षे, व्यवसाय नोकरी, राहणार कालव्यालगतची वसाहत, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी एका अभियांत्रिकी सल्लागार कंपनीत डिजिटल मॉडेल विभागाची प्रमुख आहे. कंपनीचे मालक माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भावोजी आहेत.

इमारत बांधण्याआधी ती आम्ही संगणकावर पूर्ण उभी करतो. बीम आणि एसीची हवा नेणारा डक्ट एकाच जागी आले तर ती जागा लाल दिसते. मी तपासून शेरा लिहिल्याशिवाय लाल निघत नाही. नव्या शाळेच्या इमारतीत अशी एक जागा होती. ‘बीमला भोक पाडू नये, डक्ट खालून वळवावा’ असे लिहून मी ती लालच ठेवली होती.

आईच्या ऑपरेशनसाठी मी रजा घेतली. काम अडू नये म्हणून भावोजींनी माझा पासवर्ड मागितला. घरचाच माणूस, म्हणून दिला. ऑपरेशनच्या दुपारी माझ्या नावाने ते लाल काढले गेले. शेरा होता, ‘चालेल’. हा शब्द मी कामात कधीच लिहीत नाही. भावोजींना ऑफिसात पाठीमागे ‘चालेलसाहेब’ म्हणतात, ते उगाच नाही.

त्यावरून साइटवर बीम फोडला. गेल्या सोमवारी स्लॅबचा तुकडा खाली आला आणि एका वेल्डरचा पाय कापावा लागला. भावोजींनी मॉडेल उघडून आपल्याला माझे नाव दाखवले. मी जाब विचारला तर म्हणाले, “अगं, डक्ट वळवत बसलो असतो तर काम लांबलं असतं. आता तू सांभाळून घे, मी चांगला वकील देतो.” ज्यांच्याकडे मी हे काम शिकले, त्यांनीच माझा केसाने गळा कापला.

त्या दुपारी मी ऑपरेशन थिएटरबाहेर ताईजवळ बसले होते. माझा मोबाइल बंद करून तिच्याच पर्समध्ये ठेवला होता. एवढेच इथे येऊन सांग, असे मी काल तिला विनवले. ती म्हणाली, “तू होतीस का गं त्या दिवशी? मला नीट आठवत नाही.”

आईला आत नेल्यापासून बाहेर आणेपर्यंत ताईने माझा हात सोडला नव्हता.

साक्षीदार म्हणून तिचे नाव घालायचे का, असे आपण विचारलेत. घाला. वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे.