बांधीतला पाय

हसू नका, पण मी नाचताना माझी आई मला पायावरून ओळखायची. बॅले शिकत होतो तेव्हा आम्ही शहरोशहरी कार्यक्रम करायचो. सगळ्यांचे कपडे सारखे, चेहऱ्यावरचा रंग सारखा. तरी तिकडे तिरोड्याजवळच्या, भातखाचरांमधल्या घरी आई मोबाईलवर व्हिडिओ पाहून लगेच सांगायची, "बांधीच्या चिखलातून काढल्यावानी पाय उचलून राहिला ना, तो माहा बाबू."

बॅलेचे सर नेमके त्याच पायावर चिडायचे. "अरे, यहाँ धान नहीं लगा है!" तीन वर्षं त्यांनी रोज तो पाय घोटून घेतला. शेवटी सुधारला, आणि मला पगारी नर्तकांत जागा मिळाली.

पगारी झाल्यावरचा पहिला कार्यक्रम भोपाळला झाला. मी व्हिडिओ पाठवला आणि आईला फोन लावला.

"माय, दिसलो का?"

तिने व्हिडिओ पुन्हा लावला; फोनवर संगीत ऐकू आलं. मग हळूच म्हणाली, "डावीकडून तिसरा, तो तूच होस ना?"

तिसरा छत्तीसगडचा नवा मुलगा होता. त्याचा पाय अजून चिखलातूनच निघतो.

"हो माय, मीच."

"मले वाटलंच," ती खूश झाली. "पण किती वाळून गेलास रे!"