खालचे दोन मणके

— नाही, चहा राहू द्या तसाच, आधी माझं ऐका, हे आत घोरतायत, आता उठायचे नाहीत — तुम्ही विचारलंत ना, मी रोज येऊन एवढा व्यायाम करून घेते तरी यांचं वजन उतरत का नाही? उतरेल कसं? मी उतरू देत नाही! घ्या, टाकलं सांगून. डोळे काय मोठे करताय — ताटात पाव असतो ना, तुम्ही सांगितलात तसा, कोरडा? आत बोटभर लोणी असतं. भाजीत तेल ओतलेलं, दुधात साय, सायीत साखर, आणि तुमची पाठ वळली की केक. हेही खूश, मीही खूश. लग्न झाल्यापासून आमचं एकमत झालं ते या एका गोष्टीवर.

दुष्ट म्हणा, खुशाल म्हणा! तुम्हाला हे भेटले ते आडवे — 'हळू हं ताई' म्हणून कण्हणारे. मला भेटले ते उभे. गोदामात पोती उचलून हात दगड झालेले. ही करंगळी बघा, सरळ होत नाही — दाराच्या फटीत धरून दार ओढलं होतं. का? तर भाजीत मीठ जास्त. तेव्हा माझ्या तोंडातून ब्र निघत नव्हता, ही सगळी बडबड आत्ताची. आणि पोरगी मध्ये पडली तर तिला भिंतीवर आपटली, खांदा निखळला तिचा. तशीच गेली घरातून, हात पोटाशी धरून.

मग यांना मुकादम केलं, बसून काम. पोट सुटलं, कंबर धरली, आणि एकदा मोजे घालायला वाकले ते वाकलेलेच राहिले. मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढला, मला जवळ बोलावून दाखवला — हे खालचे दोन मणके, मधली गादी बघा कशी काळी पडून चपटी झालीय, पोट पुढे ओढतं नि सगळा ताण इथे येतो. पाठीच्या मांसात या पांढऱ्या रेघा आहेत ना, ती चरबी — मांस मणक्याला धरून ठेवतं, चरबी काय धरणार? आणि नुसता भार नाही म्हणाले, चरबीतून काहीबाही पाझरत राहतं, त्यानेही गादी झिजते. 'बाई, यांचं खाणं तुमच्या हातात आहे.' माझ्या हातात! या घरात माझ्या हातात काही आहे असं आजवर कुणी म्हटलं होतं? येताना वाटेतच लोणी घेतलं मी.

आता पोरगी रविवारी जेवायला येते. पाय पसरून बसते, मोठ्याने हसते! आधी आतल्या दाराकडे बघत हसायची, हल्ली बघत नाही. आणि तुम्ही आलात — गुणाच्या तुम्ही, गोड बोलणाऱ्या — आणि या माणसाला खिडकीपर्यंत चालवलंत. टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या, करते काय? तो खिडकी धरून वळला नि माझ्याकडे बघून म्हणाला, 'आता बरं वाटतंय.' तुम्हाला गोड वाटलं ते. बाई, त्या आवाजात तो बोलला की मी आधी तोंडावर हात घ्यायची. परवाही घेतला, तुम्हाला वाटलं मी आनंदाने रडतेय.

तेव्हा उद्यापासून येऊ नका. — काय? व्यायाम सोडून दिला तर पाय जातील? लघवीवर ताबा राहणार नाही? जाऊ दे की! धुईन मी. चादरी धुईन, घास भरवीन, मरेपर्यंत करीन, कंटाळणार नाही — पण आडव्याचं करीन. उभ्याचं नाही.

थांबा. — पलंग करकरला. छे, कुशीवर वळला नाही, वळतो तेव्हा कण्हतो. उठलाय. एकटा उठलाय! जागाच होता मेला, सगळं ऐकत होता — भिंत धरून येतोय बघा.

काल शिकवलंत ना मला, चालताना यांच्या मागे उभं राहायचं, कमरेच्या खालच्या बाजूला हात द्यायचा, तिथला आधार सुटला तर माणूस संपला म्हणून? नीट शिकलेय मी. निघा तुम्ही. — निघा म्हणते ना! दार ओढून घ्या, आणि काही पडल्यासारखं ऐकू आलं तर मागे फिरू नका.

— आले हो, आले! तुम्ही चाला पुढे. मी धरते मागून.