काळ्या शर्टाला तिसरं बक्षीस

...आणि वर हसून विचारतात हो! ओळख ना पाळख, डोक्यावर टोकदार टोपी, काखेत झाडू, आणि भर रस्त्यात मला थांबवून, "लव्ह युअर कॉस्च्युम! व्हॉट आर यू सपोज्ड टू बी?" म्हणजे सोंग कसलं घेतलंय तुम्ही? मी कसलं सोंग घेणार? काळी पँट, काळा शर्ट, खिशावर काळी फीत. तुम्ही सगळे आपले वसईचे, इथे दुबईत ऊद मेथाच्या चर्चमध्ये मासनंतर भेटता, तुमच्यापैकी कोणाला विचारावं लागलं का? माझी जेनिस जानेवारीत गेली, वर्षाचा दुखवटा आहे, जेरार्ड काळं घालतो, खलास. पण सेलमला, हॅलोविनच्या दिवशी, काळं घातलेला माणूस म्हणजे... मी आपलं खरं सांगितलं, "स्टोअर मॅनेजर, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क." तर ती बाई पोट धरून हसली. म्हणे, "ब्रिलियंट!"

तुम्ही म्हणाल, मग गेलास कशाला? अरे बाबांनो, मी कुठे गेलो, जेनिसने नेलं. अमेरिकेतल्या या गावात तीनशे वर्षांपूर्वी चेटूक करता म्हणून माणसांना फासावर दिलं, त्यात बायकाच जास्त, हे तिने कुठेतरी वाचलं आणि डोक्यात घेतलं. गेल्या डिसेंबरात विमान, हॉटेल, सगळं बुक करून मोकळी. तिघांचं! नॉन-रिफंडेबल! आणि पुढच्या महिन्यात ताप म्हणून ॲडमिट झाली ती... वसईला परत गेली ती पेटीतून. मग इथे येऊन मी टायपिंग सेंटरला, सरकारी अर्ज भरून देतात ना तिथे, तिचा व्हिसा कॅन्सल करायला. तिथल्या अक्रमने कागद सरकवला, म्हणाला, "सर, इधर साइन, बस, खलास." बावीस वर्षांचा संसार, एक सही.

मला नव्हतं जायचं. मला दोन नोव्हेंबरला वसईला जायचं होतं. पहिलं ऑल सोल्स ना तिचं! थडगं धुवायचं, झेंडू घालायचा, मेणबत्ती लावायची. पण सोफिया, माझी लेक, पंधरा वर्षांची, कानातले इअरफोन न काढता एवढंच बोलली, "मम्मा प्लॅन्ड इट, डॅडा." झालं, चला सेलमला! आणि परतीचं विमान कधीचं? दोन नोव्हेंबर! आता विमानात मेणबत्ती लावू देतील कोणी? भावाला, टोनीला फोन केला. म्हणाला, मी लावतो, तू काळजी करू नको. लावेल हो तो. पण तो दीर आहे.

बरं, तिथे गर्दी किती म्हणता! सांगाडे कॉफी पितायत, भुतं पार्किंगवरून भांडतायत, आणि दर दहा पावलांवर, "व्हॉट आर यू सपोज्ड टू बी?" एका हॉलमध्ये तर चेटकिणीचा खटलाच चालू! साक्षीदार छाती पिटून ओरडतो, ही बाई आपल्या घरी झोपली होती, पण हिची छाया माझ्या खोलीत आली, माझ्या उशाशी बसली! आणि जज्ज ते पुरावा म्हणून लिहून घेतो. त्या काळी खरंच घेत होते म्हणे. लोक हसून लोळतायत, आणि मी... यांच्याकडे जित्याजागत्या बायका रोज छाया पाठवत होत्या, आणि माझी बाई? दहा महिने झाले हो. उशाशी सोडा, एकदा स्वप्नातसुद्धा नाही आली.

बाहेर आलो तर फासावर गेलेल्यांच्या आठवणीसाठी दगडी बाकं, एकेकावर एकेक नाव. एका बाईच्या नावावर पानं पडून चिखल झालेला. बघवेना. आता याला तुम्ही चूक म्हणा, सवय म्हणा, मी बसलो गुडघ्यावर, बाटलीतलं पाणी ओतलं, रुमालाने दगड पुसून काढला. मेणबत्ती? अख्ख्या गावात साधी मेणबत्ती नाही! भोपळ्याची मिळाली, दात विचकणाऱ्या भोपळ्याची. तीच लावली आणि डोळे मिटून म्हटलं, जेनिस, या बाईच्या पत्त्यावर पाठवतोय, घे. डोळे उघडतो तर समोर तीस मोबाईल, आणि पाठीमागे रांग! एक जण दुसऱ्याला विचारतोय, "नेक्स्ट शो कितीला?"

संध्याकाळी हॉटेलात येतो तर काय, कोणीतरी माझा फोटो तिथल्या वेशभूषा स्पर्धेत देऊन टाकलेला. तिसरं बक्षीस! जन्मभर जेनिस सांगत राहिली, जेरार्ड, तुला कपड्यांतलं काही कळत नाही, आणि बघा! रिसेप्शनवरची मुलगी सर्टिफिकेट लिहायला पेन घेऊन तयार. "सो, व्हॉट इज ही सपोज्ड टू बी?" मी तोंड उघडणार, स्टोअर मॅनेजर म्हणून, तेवढ्यात सोफियाने कानातले इअरफोन काढले. अख्ख्या प्रवासात पहिल्यांदा.

"ही इज माय मॉम्स हजबंड."

त्या मुलीने तसंच लिहिलं. तिसरं बक्षीस, मॉम्स हजबंड.

आता इथे सिलिकॉन ओएसिसला घरी फ्रिजवर ते सर्टिफिकेट लावलंय. आपल्याला दुबईकरांना कागद दिसला की आधी एक्स्पायरी बघायची सवय. व्हिसा, एमिरेट्स आयडी, भाड्याचं काँट्रॅक्ट... हा पुढून बघितला, मागून बघितला, तारीखच नाही. जानेवारीत वर्ष भरेल, काळा शर्ट उतरवीन मी, सगळे उतरवतात. पण हे कॅन्सल करायला कुठल्या टायपिंग सेंटरला जायचं, सांगा.