जावयाने बसवलेला कर्णा

…नाही, म्हणजे साल अठ्ठावन्न की एकोणसाठ, इथूनच माझी शंका आहे. सालच जिथे धड आठवत नाही तिथे पुढचं किती धरून चालायचं ते तुम्हीच बघा. पण तक्रार मात्र पक्की आहे. त्या अख्ख्या घरात एक माणूस, अहो एकच माणूस मला 'करू नका' म्हणाला असता, तर आज या वयात मोटारीचं बॉनेट दिसलं की माझी मान खाली गेली नसती. पण म्हणणार कोण? मी जावई. त्यातून शिकलेला जावई. आणि कळसाडीच्या आमच्या सासरेबुवांचं, पितांबरशेठचं, एकच वाक्य होतं, आजही कानात आहे… "जवाई म्हनतस, मंग बराबरच व्हई."

आता शिकलेला म्हणजे किती? तर हवेच्या प्रवाहावर प्रबंध लिहून विलायतेहून डॉक्टर होऊन आलेला, बडोद्याला शिकवणारा. हवा म्हटलं की लोकांनी मला विचारायचं. आणि तुम्हाला सांगतो, आखाजीला, म्हणजे वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बायकोला न्यायला म्हणून मी नंदुरबार स्टेशनात उतरलो, तर माझ्याच शर्टाच्या खिशावर हा एवढा निळा डाग. उकाड्याने पेनातली हवा फुगली आणि शाई बाहेर आली. हवेचा डॉक्टर मी. तिथेच समजायला हवं होतं, नाही का? पण समजणार कसं, स्टेशनाबाहेर ती गाडी उभी होती ना.

लाल गाडी. दोन माणसांची, उघड्या टपाची, विलायतेत शर्यतीत धावायची तसली. कुठल्या तरी राजेसाहेबांचं संस्थान गेलं, मोटारखाना विकायला निघाला, आणि माझा मेहुणा बन्सीलाल कपाशीच्या हंगामात ही उचलून घेऊन आला. बन्सीलाल म्हणजे कसा, बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा बॉनेटवरून हात फिरवणारा. आणि त्या गाडीवर त्याचं लग्न अडलं होतं. हसू नका, खरंच अडलं होतं.

मुलगी कोकिळा. तिचे वडील चुनीलाल, लाकडाचे ठेकेदार, मुक्काम वर धडगावला. पोरगा पसंत, घर पसंत, पण गाडीवर त्यांचा राग. "दोन मानसंस्नी गाडी, त्यामा मन्ही पोर बठी, मंग तिना डबा कोठे बठी?" असं विचारायचे. शिवाय चैत्रात बन्सीलाल ऐन दुपारी घाट चढायला गेला आणि गाडी अर्ध्यात धापा टाकून उभी राहिली, लाकडाच्या ट्रकने ओढून खाली आणली. चुनीलालनी निरोप धाडला, गाडी धडगावपर्यंत चढून आली तरच लग्न, "आठलोंग गाडी उनी ते सुपारी फोडसूत. नही उनी ते बैलगाडीवाला जवाई काय वाईट शे?"

बन्सीलालने हे मला जेवताना सांगितलं. नुसतं सांगितलं हो, उपाय विचारला नव्हता! पण मी आमरसाची वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, "गाडीला श्वास घेता येत नाही."

झालं. सासरेबुवा मांडी बदलून बसले, "दखा, आम्हले सुचनं का? जवाई म्हनतस, मंग बराबरच व्हई."

मग मी थांबतो कुठला. मुंबईत एक माझा विद्यार्थी मोटारींच्या सामानाच्या दुकानात होता, त्याला तार केली आणि रेल्वे पार्सलने मागवला एक कर्णा. ॲल्युमिनियमचा, चकचकीत, सनईच्या तोंडासारखा पसरट, खाली वाकडी नळी. तत्त्व अगदी सोपं, बरं का… इंजिनावर असतं एक काळं डबडं, ते हवा गाळून इंजिनाला देतं, पण ती हवा बॉनेटखालची, तापलेली. ते डबडं काढायचं, तिथे नळी जोडायची, कर्ण्याचं तोंड बॉनेटमधून वर काढायचं, म्हणजे बाहेरची थंड हवा थेट आत. थंड हवा दाट, दाट हवेने ताकद जास्त. विलायतेत करतात.

सरला, म्हणजे आमची बायको, दारामागून हळूच म्हणाली, "बाहेरनी थंड हवा? आखाजीले? आपला गावमा?" मी दुर्लक्ष केलं. मग जवळ येऊन म्हणाली, "तुम्ही हात लाऊ नका ना. दादा काय ते दखी." म्हणजे बघा, आत्ता तुम्हाला म्हणालो की घरात एकानेही नको म्हटलं नाही, ते चूकच. तिने म्हटलं होतं. पण बायकोचं 'नको' त्या काळी आम्ही 'नको'त धरत नसू… मी तरी धरत नसे.

बॉनेटला भोक पाडायचं होतं. गॅरेजवाला नको, म्हटलं, मोजमाप चुकवेल. पत्रे कापायची कात्री मागवली आणि त्या लाल, आरशासारख्या बॉनेटमध्ये मी स्वतः कात्री घातली. कसा आवाज आला म्हणून सांगू! बन्सीलाल शेजारी उभा. डोळे मिटून. मी विचारलं, "काय रे, ठीक ना?" तर म्हणतो, "चाली जाई, पाव्हना." आणि भोक गोल व्हायचं ते काही होईना. कधी वांग्यासारखं, कधी पपईसारखं, आणि दर वेळी मी थोडं आणखी कापायचो. शेवटी कर्णा बसला. म्हणजे आत टेकला. सासरेबुवांनी वाकून पाहिलं, "इतली हवा खाईसन गाडीनं पोट फुगी जाई ना?" आणि लगेच स्वतःच जीभ चावली, "नही नही. जवाई म्हनतस, मंग बराबरच व्हई."

गाडी सुरू केली. खोकली. पुन्हा केली, पुन्हा खोकली. वाऱ्याने गोठ्यातला भुसा उडाला तो सरळ कर्ण्यात गेला, आणि मागच्या नळीतून असा काही बार झाला की बैलांनी दावी तोडली. मी म्हणालो, "सवय व्हायला वेळ लागतो. इंजिनाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. अहो, मान डोलावणं इतकं वाईट असतं, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी उजाडता निघायचं ठरलं. सकाळी माझा तो डागाचा शर्ट सापडेना. ग्रीस लागलंच होतं त्याला, म्हटलं तोच घालून जावं, वाटेत काही करावं लागलं तर. सरलाला विचारलं तर ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "धुवाले टाकेल व्हई." मला जरा चीड आली. बाहेर येतो तर सासूबाई अनुसयाबाईंनी गाडीची पूजासुद्धा उरकलेली. कर्ण्याला कुंकू, तोंडावर झेंडूची अख्खी माळ गुंडाळलेली, आत काही दिसूच नये अशी. मी म्हटलं, बॉनेट उघडून एकदा जोड तपासतो. तर बन्सीलाल आडवा, "पूजा व्हयनी, पाव्हना. आते धडगाव पावाले लागस, मंगच उघडानं." मी म्हटलं, असेल तुमच्याकडे रीत.

आणि गाडी चढली हो! तळोदा मागे पडलं, घाट सुरू झाला, सकाळची गार वेळ, बन्सीलाल शांतपणे गिअर टाकतोय, आणि गाडी वळणामागून वळण अशी सरळ चढतेय की मला भरून आलं. मी वाटभर त्याला दाब आणि घनता समजावत होतो. तो म्हणत होता, "हा. हा ना. बराबर शे."

धडगावला लाकडाच्या वखारीत चुनीलाल उभेच होते. गाडी आली, इंजिन चालूच, सगळे मजूर गोळा झाले. मी खाली उतरलो आणि, आता सांगताना कान तापतात, एका ओंडक्यावर कोळशाने आकृती काढून व्याख्यान दिलं. तेवढ्यात माळ सुटली, आणि चुनीलालनी वाकून कर्ण्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या मिशा थरथरल्या. मला वाटलं, आतल्या हवेच्या ओढीने. मग त्यांनी एकदा बन्सीलालकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, माळ उचलून हलकेच पुन्हा कर्ण्याच्या तोंडावर ठेवली आणि म्हणाले, "वा, पाव्हना. हवा ते भलती जाई ऱ्हायनी." आणि आत वळून म्हणाले, "सुपारी लया रे कोनी."

मला किती अभिमान, काय सांगू. पुढे बडोद्याला दर वर्षी वर्गात फळ्यावर तोच कर्णा. 'हा मी स्वतः केलेला प्रयोग, सातपुड्यात, भर आखाजीत.' पोरं वहीत उतरवून घ्यायची. किती पोरं असतील? इंजिनिअर झाली असतील ती… सोडा.

मग निवृत्त झालो. एका आखाजीला कळसाडीला गेलो. सासरेबुवा नव्हते आता. कोकिळा वहिनी आत सांजोऱ्या तळत होत्या, सरला त्यांच्याजवळ बसलेली. गाडी मागच्या छपरात विटांवर ठेवलेली, वर धुळीची गोधडी. मी एकटाच गेलो आणि बॉनेट उचललं.

काळं डबडं आपल्या जागेवर होतं. माझ्या नळीचं खालचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं, सुतळीने एका बाजूला बांधून ठेवलेलं. आणि कर्ण्यात, पाऊस-धूळ इंजिनावर पडू नये म्हणून, दाबून कोंबलेलं एक फडकं.

पाठीमागे बन्सीलाल येऊन उभा. म्हातारा झाला होता तोही. घाबऱ्या आवाजात म्हणाला, "काय दखी ऱ्हायनात, पाव्हना?"

मी म्हणालो, "काही नाही रे. जोड बघत होतो. बरोबर आहे."

त्याने एवढा मोठा श्वास सोडला… आणि चहा सांगायला गेला. तो वळला तेवढ्यात मी फडकं थोडं ओढून पाहिलं, आणि परत होतं तसं कोंबून ठेवलं. खिसा वरच होता. निळा डाग शाईचाच होता.