डाव्या मनगटाची फिल्म

जबाब. दिनांक १३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.२०.

नाव : जीवन बाळाराम तांबे. वय : ४६ वर्षे. शिक्षण : बी.एस्सी., एक्स-रे तंत्रज्ञ पदविका. व्यवसाय : खासगी एक्स-रे सेंटरमध्ये नोकरी. राहणार : मुरुड, ता. मुरुड, जि. रायगड.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी व मुलगी भक्ती, वय १५, यांच्यासह राहतो. बाजारपेठेतील एक्स-रे सेंटरमध्ये गेली एकोणीस वर्षे नोकरीस आहे. एक्स-रे काढणे, फिल्म छापणे व रजिस्टर लिहिणे ही माझी कामे आहेत. फिल्मवर काय दिसते ते रुग्णाला सांगण्याचा मला अधिकार नाही. ते डॉक्टर सांगतात. हा नियम मी आजवर मोडलेला नाही. मला रोजनिशी लिहिण्याची सवय आहे. खालील तारखा तिच्यातून व सेंटरच्या रजिस्टरमधून घेतल्या आहेत.

सोमवार, दिनांक १० नोव्हेंबर रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास अल्पेश रघू नाखवा, वय २६, बर्फाच्या कारखान्यात कामाला, हा त्याची आई ठमीबाई हिच्यासह सेंटरवर आला. दोघांना मी ओळखतो. त्याच्या उजव्या हाताची बोटे सुजल्यासारखी जाड झाली होती व साखरपुड्याची अंगठी अनामिकेत रुतली होती. हाताचा एक्स-रे काढा, अशी डॉक्टरांची चिठ्ठी होती.

एक्स-रेच्या वेळी धातूची वस्तू काढावी लागते. तसे सांगितल्यावर ठमीबाई म्हणाली, "आरं जीवन, निगत न्हाय ती. साबण झाला, तेल झाला, आता बोट कापायचा र्‍हायला." तेव्हा मी अंगठीसकट एक्स-रे काढला.

फिल्म छापून होईपर्यंत अल्पेश बाकावर बसला होता. सोबतची पाण्याची बाटली त्याने एका दमात संपवली आणि आईला दुसरी आणायला पाठवले. नंतर मला म्हणाला, "दादा, चप्पल सातची आठ झाली. आंगठी निगत न्हाय. म्हनजे वाढतंय ना?" काय वाढते आहे, असे मी विचारले. तो म्हणाला, "हाडं. सर बोलले हुते, आधी हात-पाय, मग उंची." तो खुशीत होता. हे मी मुद्दाम नमूद करीत आहे.

विचारले असता त्याने सांगितले की, गेल्या वर्षी साखरपुड्यात फोटो काढणाऱ्याने त्याला पाटावर उभे केले, कारण नियोजित वधू रुचिता त्याच्याहून दोन बोटे उंच आहे. तेव्हापासून कारखान्यातले लोक त्याला येता-जाता "अल्पेश, पाट कुठं हाय?" असे विचारतात. येत्या फेब्रुवारीत लग्न आहे. तोपर्यंत तीन इंच वाढवून देतो, असे दिपेश करंदे या इसमाने, ज्याला तो सर म्हणतो, त्याला सांगितले. हा इसम एक रविवार सोडून एक रविवार मुरुडमधील एका लॉजच्या खोलीत उंची वाढविण्याचे मार्गदर्शन करतो. त्याने दिलेले इंजेक्शन अल्पेश अकरा महिने रोज पोटात टोचून घेत होता. कुप्यांवर नाव नव्हते. त्या तो कारखान्यात बर्फात ठेवत असे.

मी त्याला सांगितले की, या वयात हाडे लांबीला वाढत नाहीत. त्यावर तो म्हणाला, "माझी वाढतात. रेघ हाय माझी. तुमीच तर फोटो काढलाव." असे म्हणून त्याने पिशवीतून फाईल काढली व तिच्यातील फिल्म मला दिली.

येथे रेघ म्हणजे काय ते सांगणे जरूर आहे. लहान मुलाच्या मनगटाजवळ हाडाच्या टोकाशी फिल्मवर एक काळी रेघ दिसते. तेथे हाड वाढत असते. मुलींची सोळा-सतराच्या व मुलांची अठरा-एकोणीसच्या सुमारास ती रेघ भरून येते. त्यानंतर हाड लांबीला वाढत नाही. कोणत्याही औषधाने, व्यायामाने किंवा लटकण्याने ती रेघ पुन्हा उघडत नाही.

अल्पेशने दिलेली फिल्म मी दिव्याच्या पेटीवर लावली. कोपऱ्यात 'अल्पेश नाखवा, वय २६' अशी चिकटपट्टी होती. मनगटात काळी रेघ स्वच्छ दिसत होती. ती मूळ फिल्म नसून पारदर्शक कागदावर काढलेली नक्कल होती. डावा हात दाखविण्यासाठी आम्ही शिशाचे इंग्रजी एल अक्षर हाताशेजारी ठेवतो. या फिल्मवरील अक्षराचा खालचा कोपरा तुटलेला होता. ते अक्षर माझ्या हातून २०१९ साली फरशीवर पडून तुटले आहे व आजही मी तेच वापरतो. करंगळी आतल्या बाजूला किंचित वाकलेली होती. मनगटापासून दोन बोटे वर भरून आलेल्या तड्याची खूण होती.

तो हात माझ्या मुलीचा होता.

त्यानंतर थोडा वेळ मी काय केले ते मला क्रमाने सांगता येत नाही. अल्पेशची नवी फिल्म छापून यंत्राच्या ट्रेमध्ये पडली होती. ती मी शेजारी लावली असावी, कारण अल्पेश उठून पेटीजवळ आला आणि दोन्हींकडे पाहू लागला. नव्या फिल्मवर अंगठी पांढरी दिसत होती आणि मनगटात रेघ नव्हती. तो म्हणाला, "दादा, बंद झाली वाटतं. गनपतीत मी आठ दिवस सुई चुकवली हुती. त्यानं झाली काय?"

मी त्याला "बस" म्हणालो.

तो बसला नाही. भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीला टेकून उभा राहिला आणि मोजायला सांगितले. मी मोजले. १६१ सेंटिमीटर. २ डिसेंबर २०२४ रोजी त्याचा आधीचा एक्स-रे काढला तेव्हा रजिस्टरमध्ये मीच लिहिलेला आकडाही १६१ आहे. मी आकडा वाचून दाखवण्याआधीच तो पट्टीवरून घसरत खाली बसला व बेशुद्ध झाला. ठमीबाई पाण्याची बाटली घेऊन दारात आली होती. रिक्षाने त्याला ग्रामीण रुग्णालयात व तेथून अलिबागला नेले. त्याच्या रक्तातील साखर पाचशेच्या वर होती. बुधवारी दुपारी मी भेटायला गेलो तेव्हा तो शुद्धीवर होता. इंजेक्शनांमुळे चढलेली साखर उतरवता येईल, परंतु हाताची व जबड्याची हाडे जाड झाली आहेत ती पूर्ववत होतील असे सांगता येत नाही, असे तेथील डॉक्टर ठमीबाईला सांगत होते. अंगठी कापून काढली होती. ती रुचिताच्या मुठीत होती. ती मला म्हणाली, "मी त्याला पन्नास वेळा बोलली, मी चपटी चप्पल घालीन. मला काय शिडी पायजे हाय?"

फिल्म दिपेश करंदेकडे कशी गेली, याबाबत विचारल्यावरून सांगतो की, फेब्रुवारी २०२२ मध्ये भक्ती सायकलवरून पडली. तिच्या मनगटाला तडा गेला होता. दीड महिन्याने तपासणीसाठी मी दुसरी फिल्म काढली. त्या वेळी ती बारा वर्षांची होती. ती फिल्म फार स्वच्छ आली. मुलांच्या पालकांना रेघ दाखविण्यासाठी मी ती सेंटरमध्ये पेटीच्या बाजूला लावून ठेवली. माझी फिल्म चांगली येते याचा मला अभिमान होता, हेही त्यामागचे कारण आहे.

मंगळवार, दिनांक २३ जानेवारी २०२४ रोजी दिपेश करंदे सेंटरवर आला. आपण पालीकडचे असून शाळांमधून आरोग्यावर बोलतो, मुलांना दाखवायला अशी एक फिल्म हवी, असे तो म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि अर्धा तास सगळे समजावून सांगितले. रेघ कुठे पाहायची, ती कधी बुजते, वय ठरविण्यासाठी डावेच मनगट का घेतात. तो वहीत लिहून घेत होता. त्याने विचारले, "आणि मोठ्या माणसाच्या हातात ही रेघ दिसली तर?" मी हसून म्हणालो, "मग तो माणूस अजून मोठा झालेला नाही." हे वाक्यही त्याने लिहून घेतले. लॉजच्या खोलीत दिपेश आपल्याला हेच म्हणाला होता, असे अल्पेशने बुधवारी मला सांगितले.

मी ती फिल्म त्याला दिली. नाव दिसू नये म्हणून नावाचा कोपरा मीच कात्रीने कापला. त्या दिवशीच्या रोजनिशीत असे आहे : "भक्तीची फिल्म शाळांसाठी दिली. चांगले काम."

सेंटरच्या मालकांनी काल मला बोलावून फिल्म चोरीला गेली असे सांगण्याचा सल्ला दिला. तसे सांगितल्यास नोकरीला धोका राहणार नाही, असे ते म्हणाले. फिल्म चोरीला गेलेली नाही.

मार्च २०२४ पासून मोठी माणसे डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायला येऊ लागली. मी रजिस्टर तपासले. वीस महिन्यांत एकतीस नावे आहेत. कोणालाही मार लागलेला नव्हता. 'कारण' या रकान्यात मी सर्वांपुढे 'तपासणी' असे लिहिले आहे. त्यांना पाकीट उघडू नका, उजेड लागला तर फिल्म खराब होते, असे सांगून पाठवलेले असे. छापून तयार झालेली फिल्म उजेडाने खराब होत नाही, हे मला माहीत आहे. पाकीट लॉजच्या खोलीत नेल्यावर आतली फिल्म बदलून माझ्या मुलीच्या फिल्मची नक्कल दाखवली जात होती, असे आता दिसते. अल्पेशखेरीज आणखी कोणाला तीच दाखवली हे मला माहीत नाही. एकतीस नावांची यादी सोबत दिली आहे.

दिनांक २ डिसेंबर २०२४ रोजी अल्पेशचा डाव्या मनगटाचा एक्स-रे मी काढला. पाकीट बंद करण्यापूर्वी फिल्म पेटीवर लावून पाहिली. रेघ पूर्ण बुजलेली होती. ती बुजलेली आहे हे मला तेव्हाच दिसले होते. अल्पेशने विचारले, "दादा, काय दिसतं? वाढंल का?" मी नियमाप्रमाणे उत्तर दिले, "ते डॉक्टर सांगतील." कोणते डॉक्टर, हे मी विचारले नाही. पाकिटावर डॉक्टरचे नाव नव्हते.

सोमवारी दुपारी, खात्री करण्यासाठी, मी ती नक्कल घरी नेली. भक्ती शाळेतून आल्यावर तिला खिडकीच्या काचेवर ती धरायला सांगितली व डावा हात वर ठेवायला सांगितला. तिची बोटे फिल्मवरच्या बोटांच्या बरीच पुढे गेली. करंगळी तशीच वाकडी आहे. ती म्हणाली, "पप्पा, माझाच हात हा. किती छोटा होता." मग चिकटपट्टीवरचे नाव वाचून तिने विचारले, "हे कोण?" मी तिला सर्व सांगितले. तिने हात काचेवरून काढून घेतला. ही फिल्म पुरावा म्हणून जमा करीत आहे. आवश्यक वाटल्यास मुलीचा हात ताडून पाहता येईल. त्या वेळी तिची आई सोबत असावी, एवढी विनंती आहे.

माझ्याविरुद्ध काही कार्यवाही करणे असल्यास माझी हरकत नाही.

हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे मराठीत टंकलिखित करून हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. पहिल्या वाचनात २ डिसेंबरच्या परिच्छेदात "ती बुजलेली आहे हे मला नंतर समजले" असे टंकलिखित झालेले आढळले. हवालदार म्हणाले, "राहू द्या ना तांबेसाहेब, तुमच्याच सोयीचं आहे." मी ते बदलण्यास सांगितले. 'नंतर समजले' खोडून 'तेव्हाच दिसले होते' असे करण्यात आले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी मजकूर खरा व बरोबर आहे.

सही/-
जीवन बाळाराम तांबे