बाराव्या पानावरचं नाव

नेरे गावचा काशीराम बायकोच्या मृत्यूचा दाखला घेऊन पनवेलला झेरॉक्सच्या रांगेत उभा होता. पुढे एका संस्थेच्या दोघीजणी होत्या. ही संस्था काश्मीरमध्ये बेपत्ता माणसांच्या बायकांना कायद्याची मदत देते, त्या कामाचा तपासणी अहवाल त्यांच्या हातात होता.

"स्नेहल, बाराव्या पानावर बाईचं खरं नाव कसं?"

"चुकलं, रोहिणीताई. फॉर्मवर तिची सही होती, त्यावरून नाव तसंच उतरवलं."

"अगं, आपण नावाऐवजी नंबर कशाला देतो? उद्या तिच्या दारात कोण उभं राहील, सांगता येतं का?"

"सकाळी लक्षात आलं, तेव्हापासून तिला विचारायला फोन लावतेय. बंदच येतोय."

"मग मी मार्करनं नाव काळं करते."

"थांबा, लागला!... हां, बोलिए... ताई, ती नाव खोडू नका म्हणतेय."

"कुणाकुणाच्या हातात जाईल ते सांग."

"सांगितलं. म्हणते, भीती वाटते, पण माझं आणि नवऱ्याचं, दोन्ही नावं राहू द्या. नऊ वर्षांत तो मेला असंही कुणी लिहून दिलं नाही. आता कागदावरूनही गेला, तर शोधायचं कुठे?"

रोहिणीताईंनी उघडलेला मार्कर बंद केला.

"काका, तुमचा एकच कागद ना? द्या आधी," दुकानदार म्हणाला.

"नाय रं, पयलं त्यांचं होऊं दे," काशीराम म्हणाला. "माज्या कागदावरचं नाव कुटं जात नाय."